वत्सलाताईंचे चार कागद

कुणी वेळ सांगितली की वत्सलाताई आधी विचारायच्या, "कोनाची?"

आमचे सर दारातूनच सांगून जायचे, दोन वाजता फोनवर मीटिंग आहे म्हणून. ताई चष्मा कपाळावर चढवायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "कोनाचे दोन, सर? आपले का त्यायचे?" नवीन आलेली पोरं तोंड लपवून हसायची. मीही हसले होते. माझा तो पहिलाच दिवस होता, आणि यवतमाळच्या दारव्हा रोडवर सिमेंटच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत कोणाकोणाची वेळ नांदते हे मला अजून माहीत नव्हतं.

ताई तेव्हा बावन्न-त्रेपन्नच्या असतील. अंगानं बारीक, केस घट्ट ओढून बांधलेले, सुती साडीला खांद्यावर पिन. इंजिनीअर वगैरे नव्हत्या. दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात त्यांचे वडील मजुरी करायचे. लहानपणी आपल्या आईबापांबरोबर वडिलांनी धम्म घेतला होता, आणि पुढे मुली झाल्या तेव्हा त्यांना मॅट्रिकच्या आत घरी बसवायचं नाही हे ठरवून टाकलं होतं. ताई टायपिंग शिकल्या, मग टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायला लागल्या. क्लासमध्ये मशीनच्या जागी संगणक आले तेव्हा त्या संगणक शिकल्या. क्लास बंद पडला तेव्हा क्लासच्या मालकांच्या पुतण्यानं, म्हणजे आमच्या दिनेश सरांनी, ही कंपनी काढली आणि ताईंना सोबत आणलं. नवरा लवकर गेला होता. प्रज्ञा नावाची एक मुलगी होती. ताई रोज दारव्ह्याहून यायच्या, बस मिळाली तर बसनं, नाहीतर जीपमध्ये दाटीवाटीनं.

आमचं काम सांगायला सोपं आहे. अमेरिकेतल्या काही इस्पितळांच्या रक्त-लघवीच्या तपासण्यांचे रिपोर्ट ज्या संगणकांवरून जायचे, त्या संगणकांवर आम्ही लक्ष ठेवायचो. संगणक किती कामात आहे, उत्तर द्यायला किती वेळ घेतोय, हे दर पाच मिनिटांनी आकड्यांत नोंदलं जायचं. आमच्या पडद्यावर त्या आकड्यांची रेषा दिसायची. रेषा भलतीच चढली की तिकडे मेल पाठवायचा, आणि दर आठवड्याला सगळ्याचा अहवाल करायचा. बावीस माणसं त्यावर पोट भरत होती.

मी नेरची. अब्बांचं बसस्टँडच्या मागे जीप दुरुस्तीचं गॅरेज. आमच्या घरात ऑफिसात खुर्चीवर बसून काम करणारी मी पहिली. ताईंनी पहिल्याच दिवशी मला शेजारची खुर्ची दिली आणि एक वही पुढे ठेवली. वहीला खाकी कव्हर घातलेलं, शाळेच्या पोरांच्या वह्यांना घालतात तसं. आत प्रत्येक पानावर दोन रकाने, डावीकडे आपली वेळ आणि उजवीकडे तिकडची. "वेळ लिहिली अन् कोनाची ते नाई लिहिलं, तर ते लिहिलंच नाई समज," असं त्यांनी सांगितलं. मी मान हलवली. त्यांना कळलं की मला काही कळलेलं नाही.

ते मला मार्चमध्ये कळलं. एका सोमवारी मी आठवड्याचा अहवाल करत होते. रविवारचे आकडे पाहिले, तर तिकडच्या पहाटे दोन ते तीनमध्ये एकही नोंद नाही. बारा ओळी हव्यात तिथे कोरं. मी घाबरले, आणि थोडी खूशही झाले, कारण मोठी चूक सापडली असं मला वाटलं. अहवालात लिहून टाकलं की यंत्रणा एक तास पूर्ण बंद होती. पाठवायच्या आधी ताईंना दाखवलं. त्यांनी वाचलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता ओरडतील.

"शाहीन, तो घंटा त्यायच्या इथं झालाच नाई," त्या म्हणाल्या. "मशीन बंद कायची पडते?"

मग त्यांनी समजावलं. तिकडे उन्हाळा आला की लोक घड्याळ एक तास पुढे करतात. शनिवारची रात्र सरून रविवार लागला की दोन वाजता काटा सरळ तीनवर नेतात. आपल्याकडे तेव्हा रविवारच्या दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. नोव्हेंबरमध्ये पुन्हा एक तास मागे घेतात, म्हणजे दोन वाजायला आले की परत एक वाजतो. त्या दिवशी एक ते दोन हा तास दोनदा येतो. संगणक मात्र सगळ्या वेळ चालूच असतो. घड्याळाचे लाड त्याला कळत नाहीत. आपण नोंद त्या घड्याळानं करतो म्हणून आपली फजिती होते.

पहिल्या वर्षी त्यांनीही माझ्यासारखाच अहवाल पाठवला होता. तिकडचा एक अधिकारी फोनवर हसला होता, आणि त्या हसण्याचं मराठी करायला कुणाची गरज पडली नव्हती. त्यानंतर दोन महिने ताई शब्दकोश मांडीवर घेऊन हा सगळा प्रकार वाचत बसल्या. "म्या ठरवलं, आपल्याले कोनी दुसऱ्यांदा हसलं नाई पाह्यजे," असं त्यांनी सांगितलं. सांगताना त्या स्वतः हसत होत्या.

काम करताना त्या फार कमी बोलायच्या. सरासरीवर त्यांचा राग होता. आठवड्याची सरासरी छान आली की आम्ही निवांत व्हायचो आणि त्या एकेक दिवस उलगडून बसायच्या. "सरासरी लपवते, बाई. दहा जन जेवले अन् दोघं उपाशी राह्यले, तरी सरासरी पोट भरलेलंच दाखवते." घड्याळ बदललं की सगळ्या रेषा आमच्या पडद्यावर एक तास सरकायच्या. तिकडचे लोक त्यांच्या नऊला कामावर यायचे. ते आपले कधी संध्याकाळचे साडेसहा असायचे, कधी साडेसात. दर वर्षी कुणीतरी नवीन पोरगा लिहायचा की कामाची वेळ बदललेली दिसते, आणि ताई न बोलता त्यावर काट मारायच्या.

त्या वर्षीचा नोव्हेंबर यायच्या आधी महिनाभर त्यांनी सरांना एक चिठ्ठी लिहून दिली होती. तिकडे आकडे साठवताना वेळेबरोबर उन्हाळ्याची की हिवाळ्याची अशी खूण ठेवत नाहीत, त्यामुळे घड्याळ बदलेल त्या रविवारी दोन वेळा येणाऱ्या तासाच्या नोंदी एकमेकींत मिसळतील, तर त्यांना कळवा, एवढंच त्यात होतं. सरांनी वाचली. तो त्यांचा विषय आहे, आपण मोठ्या गिऱ्हाईकाला शिकवायला जायचं नाही, असं म्हणून त्यांनी चिठ्ठी परत दिली.

त्या रविवारी ड्यूटी एकट्या ताईंची होती. माझीही होती खरं तर. पण मी शनिवारी सरांना फोन करून ताप आल्याचं सांगितलं होतं. ताप नव्हता. पुण्याच्या एका कंपनीची मुलाखत होती, संगणकावरून, अकरा वाजता. खोलीवर नेट धड चालत नव्हतं. ऑफिस रविवारी रिकामं असतं, मागच्या खोलीत बसता येईल, म्हणून मी पावणेअकराला तिथे गेले. ताईंना मी आधीच सगळं सांगितलं होतं. त्यांनी मला नेहमीची खुर्ची दिली, प्यायला पाणी दिलं. पंधरा मिनिटं मी त्यांच्याजवळ बसून पडद्याकडे पाहत राहिले. रेषा अगदी सपाट होती. ताई म्हणाल्या, "पाह्य, कशी झोपली हाय. तू बी तशीच शांत राह्य."

अकरा ते साडेअकरा माझी मुलाखत झाली. चांगली झाली. बाहेर येऊन मी त्यांना ते सांगत होते, तेवढ्यात रेषा उठली. अकरा चाळीस. पाच मिनिटांत ती वरच्या लाल खुणेच्या पार गेली. ताईंनी दुसरी नोंद यायची वाट पाहिली, आकडे तपासले आणि मेल लिहिला. अकरा अठ्ठेचाळीसला तो गेला. खाकी वहीत त्यांनी दोन्ही वेळा लिहिल्या. मग मला म्हणाल्या, तू घरी जा, कोणी येईन तर पंचाईत होईन तुझी. मी गेले.

तिकडे रात्रपाळीच्या माणसानं तो मेल सकाळपर्यंत उघडलाच नाही. संगणक चाळीस मिनिटं अडकून पडला आणि मग आपोआप सुटला. तेवढ्यात काही रिपोर्ट उशिरा पोचले, एका डॉक्टरनं तक्रार केली, आणि चौकशी सुरू झाली.

बुधवारी त्यांचा अहवाल आला. त्यात लिहिलं होतं की बिघाड एक वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला आणि यवतमाळहून सूचना आली एक तास आठ मिनिटांनी, सगळं निस्तरून गेल्यावर. ताईंना भीती होती तेच झालं होतं. त्या रात्री एक वाजून दहा मिनिटं दोनदा झाली होती. मेलला स्वतःची पक्की वेळ होती, तो दुसऱ्या तासातला हे स्पष्ट होतं. पण आकड्यांवर खूण नव्हती, म्हणून त्यांच्या प्रोग्रॅमनं सगळे आकडे पहिल्या तासात नेऊन टाकले होते. बिघाड पहिल्या एक-दहाचा ठरला आणि मेल दुसऱ्या एक-अठराचा. मधला जो तास उरला, त्यात आमची बाई झोपली होती, असा त्याचा सरळ अर्थ निघत होता.

ताईंनी वही दाखवली. सरांनी ती तिकडे कळवली. उत्तर आलं की हातानं लिहिलेली वही मागाहूनही लिहिता येते.

गुरुवारी सरांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते, हे मला सांगायला हवं. डिसेंबरमध्ये कराराचं नूतनीकरण होतं आणि त्यांना झोप लागत नव्हती. त्यांनी विचारलं, रविवारी साडेदहा ते साडेअकरामध्ये कुणी पडदा पाहिला आहे का, घरून पाहिला असेल तरी सांगा. पोरांनी माना हलवल्या. मी खाली पाहत होते. मी तापानं आजारी होते ना. बोलले असते तर खोटी रजा निघाली असती, कंपनीच्या जागेत बसून दुसऱ्या कंपनीला मुलाखत दिली हे निघालं असतं. पुण्याहून होकार आला होता आणि त्यांना इथलं अनुभवाचं पत्र हवं होतं. ते पत्र दिनेश सरांच्या सहीचं. अब्बांचे गुडघे गेले होते, गॅरेज निम्मं दुसऱ्याला दिलं होतं. ही सगळी कारणं मी त्या पाच मिनिटांत मनात नीट लावून घेतली.

ताई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. सर म्हणाले, ताई, तुमच्याजवळ कुणी साक्षीदार असेल तर बोला. ताई म्हणाल्या, "म्या माह्यं सांगतलं, सर. दुसऱ्याचं दुसऱ्यानं सांगावं."

शुक्रवार गेला. शनिवारी त्या नेहमीसारख्या आल्या, नेहमीसारखं काम केलं. संध्याकाळी सरांनी त्यांना आत बोलावून सांगितलं की काही दिवस घरीच राहा. काही दिवस म्हणजे काय, हे दोघांनाही माहीत होतं. ताईंनी डबा पिशवीत ठेवला, पाण्याची बाटली ठेवली, खाकी वही ठेवली. संगणक बंद करून पडद्यावरची धूळ पदरानं पुसली. मला म्हणाल्या, "सोमवारचा अहवाल तुले करा लागन. त्या रविवारचा घंटा अलग काढून ठेवजो." आणि जिना उतरून गेल्या.

पंधरा दिवसांनी त्या परत आल्या. तिकडच्या अहवालाला त्या रविवारच्या एक ते दोनमधल्या सगळ्या नोंदींची यादी जोडलेली होती. सरांना विचारून तिची एक झेरॉक्स त्यांनी घरी नेली होती. आता त्यांच्या हातात चार कागद होते, पट्टीनं आखलेले, पेन्सिलीनं लिहिलेले. सरांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि मला सगळं ऐकू येत होतं.

यादीतल्या प्रत्येक ओळीत वेळेशिवाय आणखी एक आकडा होता. संगणक चालू केल्यापासून त्यानं एकूण किती कामं उरकली, त्याची बेरीज. ही बेरीज कधी कमी होत नाही, वाढतच जाते. ताईंनी वेळेचा रकाना झाकून ठेवला आणि सगळ्या ओळी त्या बेरजेच्या क्रमानं लावल्या, चोवीसच्या चोवीस, हातानं. मिसळलेले दोन तास आपोआप वेगळे झाले. पहिल्या बारा ओळींत संगणक शांत होता. बिघाडाची प्रत्येक ओळ दुसऱ्या बारांत होती. सुरुवात दुसऱ्या एक-दहाला, म्हणजे आपल्या अकरा चाळीसला. मेल आठ मिनिटांत गेला होता.

सरांनी ओळी मोठ्यानं मोजून पाहिल्या. त्यांना पटलं होतं, ते आवाजावरून कळत होतं. पण संबंधित कर्मचाऱ्याला काढून टाकलं, असं पत्र त्यांनी आधीच पाठवलं होतं आणि तिकडून विषय संपल्याचं उत्तर आलं होतं. त्यांनी ताईंना समजावलं की आता पुन्हा हे उकरलं तर गिऱ्हाईकाचीच चूक काढल्यासारखं होईल, करार जाईल, बावीस घरं आहेत. ताईंनी विचारलं की मग ह्या कागदांचं काय करू. राहू द्या माझ्याजवळ, सर म्हणाले, आणि टेबलाचा खण उघडल्याचा आवाज आला.

बाहेर आल्यावर त्या माझ्या खुर्चीपाशी थांबल्या. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी विचारलं, पुण्याले कधी जातं म्हणून. मी म्हटलं, जानेवारीत. त्यांनी पर्समधून शंभराची नोट काढून माझ्या हातात दाबली, पहिल्यांदा परगावी जाताना पोरीला देतात तशी, आणि गेल्या.

पुण्यात माझं बरं चाललं. पगार वाढला, अब्बांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. ताईंना मी सुरुवातीला महिन्याकाठी फोन करायची. त्या दारव्ह्याच्या बसस्टँडजवळ एका ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात बसायला लागल्या होत्या. पीकविमा, शिष्यवृत्ती, जातीचे दाखले. खूप माणसं भेटतात, असं त्या सांगायच्या. कधी कुणा म्हातारीचा अंगठा मशीनला उमटत नाही, कधी कुणाच्या आधारवरची जन्मतारीख चुकलेली. त्या कधीच कसली तक्रार करत नव्हत्या, त्यामुळे मला फोन करणं जड जायला लागलं. मग महिन्याचे दोन महिने झाले, मग सणासुदीला.

तिसऱ्या वर्षी आमच्या पुण्याच्या कंपनीत नोव्हेंबरच्या त्याच तासावरून तसाच घोळ झाला. आठ-दहा हुशार माणसं टेबलाभोवती बसून डोकं खाजवत होती. मी उठले आणि फळ्यावर ताईंच्या चार कागदांतलं सगळं लिहून दाखवलं. सगळ्यांनी ऐकलं. आमच्या प्रमुखांनी विचारलं, हे तुला कसं सुचलं. मी म्हटलं, मला सुचलेलं नाही. इथून पुढे सगळ्या नोंदी साऱ्या जगाला एकच अशा वेळेत करायच्या आणि पाहणाऱ्याला त्याच्या गावच्या वेळेत दाखवायच्या, असं ठरलं. जुन्या नोंदींसाठी ताईंची रीत. मी त्याचं सात पानी टिपण केलं. पहिल्या पानावर लिहिलं, रीत : वत्सला नगराळे, दारव्हा. ते छापून, पिशवीत घालून मी त्यांच्याकडे निघाले. आता माझ्याकडे त्यांना द्यायला काहीतरी होतं, असं मला वाटत होतं.

प्रज्ञानं दार उघडलं. ती मेडिकलच्या दुकानात कामाला लागली होती. आईला पोटात गाठ निघाली, नागपूरला दोनदा ऑपरेशन झालं, आता डॉक्टरांनी घरीच ठेवायला सांगितलं आहे, हे तिनं मला दारातच हळू आवाजात सांगितलं. तुम्हाला कळवू का म्हणून विचारलं होतं, तर आई नको म्हणाली.

ताई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. इतक्या लहान दिसत होत्या की मला आधी त्यांचा चष्मा ओळखू आला. मी टिपण हातात दिलं. पहिल्या पानावरचं आपलं नाव त्यांनी बोटानं चाचपलं. मग सगळी सात पानं वाचली, थांबत थांबत. मी वाट पाहत बसले.

"मशीन बंद करून चालू केली, तर बेरीज शून्यावर जाते," त्या म्हणाल्या. "ते नाई लिहिलं तू. कोनी फसन."

खरंच राहिलं होतं. मी पेन काढून त्यांच्यासमोर समासात लिहिलं. मग मी म्हटलं, ताई, त्या दिवशी मी तिथं होते. मी सांगायला पाहिजे होतं.

"होती ना तू. तुले खुर्ची म्याच त देल्ली."

मी म्हटलं, तुम्ही माझं नाव का नाही घेतलं.

बाहेर रस्त्यावरून एक जीप माणसं भरत ओरडत गेली. मग त्या म्हणाल्या, "म्या वाट पाह्यली, शाहीन. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. शनिवारी पाच वाजेपर्यंत मले वाटे, आता उठन शाहीन. मंग म्या डबा भरला."

त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी त्यांचा हात धरला, त्यांनी धरू दिला. जाऊ दे, असं त्या म्हणाल्या नाहीत. मी तरी तसं काही ऐकलं नाही. थोड्या वेळानं त्यांना झोप लागली आणि प्रज्ञानं माझ्या हातातून त्यांचा हात सोडवून पांघरुणात घेतला.

मी तिथून नेरला गेले नाही. सरळ यवतमाळला गेले. ऑफिस आता मोठं झालं होतं, सिमेंटचं दुकान हटवून खालचा मजलाही घेतला होता. दिनेश सरांच्या समोर बसून मी सगळं एका कागदावर लिहिलं. खोटी रजा, मुलाखत, पावणेअकराला पाहिलेली सपाट रेषा, अकरा चाळीसला चढलेली. खाली सही केली. सरांनी तो दोनदा वाचला. मला वाटलं ओरडतील. ते उठले, जुन्या टेबलाचा खण ओढला, आतून ते चार कागद काढले आणि माझ्या कागदाखाली ठेवले. फेकवले नाहीत माझ्यानं, एवढंच म्हणाले. त्याच संध्याकाळी त्यांनी तिकडे पत्र लिहिलं, सगळ्याची नक्कल जोडून. मीच त्यांना इंग्रजी दुरुस्त करून दिलं.

उत्तर यायला नऊ दिवस लागले. तीन ओळींचं होतं. त्या रात्रीच्या नोंदी पुन्हा तपासल्या. सूचना वेळेत आली होती. संबंधित कर्मचाऱ्याविरुद्धचा शेरा काढून टाकला आहे. दुःख वगैरे काही व्यक्त केलेलं नव्हतं, नावही नव्हतं. मी त्याचं मराठी केलं, 'संबंधित कर्मचारी' या जागी वत्सला नगराळे असं लिहिलं, आणि प्रज्ञाच्या फोनवर पाठवलं. तो गुरुवार होता.

शुक्रवारी सकाळी प्रज्ञाचा फोन आला. ती रडत नव्हती. आई पहाटे गेली, असं तिनं सांगितलं. मी विचारावं की नाही हे मला कळत नव्हतं, तरी विचारलं.

वाचलं होतं, ती म्हणाली. काल तुमचं आलं तेव्हाच वाचून दाखवलं. डोळे मिटलेले होते, दुपारपासून काही बोलली नव्हती. ऐकत होती का नव्हती, मले नाही सांगता येत.

फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, "मंग तिच्या कानापाशी तोंड नेलं, अन् जरा मोठ्यानं वाचलं."